रुमालांचा डबा

परवा तास चालू असताना मला शिंक आली. शिंक ही काही सांगून येणारी पाहुणी नव्हे. तेव्हा वाक्य अर्धे टाकून मी खिशात हात घातला, घडीचा रुमाल काढला आणि नाकाला लावला. पहिल्या बाकावरच्या मुलीने त्याआधीच आपल्या पिशवीतून कागदी रुमालांचे पाकीट काढून माझ्यापुढे धरले होते. माझ्या हातातला रुमाल पाहून ती इतकी चकित झाली, की पाकीट तसेच धरून राहिली. "सर, तुम्ही अजून कापडी रुमाल वापरता?" तिच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. एखाद्याच्या घरी अजून बंबात पाणी तापते हे कळल्यावर जे कौतुक वाटावे, तेच त्यात होते.

मी रुमाल वापरतो. नुसता वापरीत नाही, जमवतो. हे वाचून काही वाचक हसतील, याची मला कल्पना आहे. कोणी तिकिटे जमवतो, कोणी नाणी जमवतो, त्यांना समाजात एक मान असतो. रुमाल जमवणाऱ्या माणसाकडे मात्र लोक जरा अंतर राखून पाहतात, कारण रुमालाचा आणि नाकाचा संबंध कोणाच्याच मनातून जात नाही. आमच्या घरीही प्रथम हाच प्रकार झाला. "जगात जमवायला दुसरं काही उरलंच नाही का?" असे सौभाग्यवतींनी विचारले. वास्तविक या छंदाला कारण त्याच झाल्या होत्या.

ती २०१२ सालची दिवाळी. वडील जाऊन वर्ष लोटले होते आणि घरात पुन्हा फराळ व्हायचा होता. चकल्यांना घट्ट झाकणाचा डबा हवा, म्हणून तिने मला माळ्यावर चढवले. कोपऱ्यात एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाती लागला. झाकण असे गच्च बसलेले, की उलथन्याने उचकटावे लागले. आतून वेखंडाचा वास आला. खाली एकावर एक चौघडी घालून ठेवलेले रुमाल होते. मोजले, सत्तावीस भरले. चकल्यांना दुसरा डबा शोधावा लागला.

ते सारे माझ्या आत्याच्या हातचे काम. आत्या वडिलांपेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिच्या काळी मुलींच्या शाळेत शिवण-भरतकाम हा विषय गणिताइतक्याच गांभीर्याने शिकवीत. १९५७ साली, शाळेत असताना, तिने भाऊबीजेला वडिलांना पहिला रुमाल दिला, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरेपर्यंत, दर भाऊबीजेला एक रुमाल देत राहिली. आता आपल्याकडे रुमाल फुकट देऊ-घेऊ नये, दिला तर भांडण होते, असा एक समज आहे. आत्याने त्यातून वाट काढली होती. ओवाळून झाले, की तबकातला रुपया उचलून ती म्हणायची, "हे रुमालाचे पैसे पोचले. ओवाळणी वेगळी टाक." वडील दरवर्षी तक्रार करीत आणि दरवर्षी दुसरी ओवाळणी टाकीत.

प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि त्याखाली मुगाएवढ्या आकड्यांत साल. पहिल्या दोन-तीन रुमालांवरचा साखळी टाका दारू प्यायल्यासारखा चालतो. मग हळूहळू हात बसला आहे. देठ टाका सरळ झाला, पाने भरीव झाली, फुलांच्या पोटात गाठीचे टाके आले. पुढे काठाला क्रोशाची बारीक लेस आली आणि एका रुमालावर तर कापडातले सूत काढून जाळी केली आहे. मी पेशाने मराठीचा मास्तर. लेखकाचा पूर्वकाल आणि उत्तरकाल पाडायची सवय जडलेली. दोन दिवसांत मी आत्याचेही कालखंड पाडून टाकले.

सत्तावीसांतले दोन मात्र माझ्या कोष्टकात बसेनात. एक अगदी कोरा होता. काठ हाताने गोल वळून नीट शिवलेला, पण ना अक्षर, ना साल, ना एक फूल. दुसरा जेमतेम वीतभर, लहान मुलाचा, निळ्या रेघेचा. त्याच्या एका कडेला गंजाचे दोन तपकिरी ठिपके. मी एक वही केली आणि नोंदी लिहिल्या. कोऱ्या रुमालापुढे लिहिले, 'अपूर्ण.' छोट्यापुढे लिहिले, 'इतर. डागाळलेला.'

मराठीच्या मास्तराला वस्तू सापडली, की तो आधी कोशाकडे धावतो. 'रुमाल' हा शब्द फारसी. 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा; एकूण तोंडपुसण्या. पण मराठी माणसाने या शब्दाला केवळ तोंड पुसायला ठेवले नाही. डोक्याला बांधायचे मोठे चौकोनी वस्त्र, तेही रुमालच. आणि कागद बांधून ठेवायचे फडके, तेही रुमालच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदपत्रांचे हजारो रुमाल आहेत, असे वाचून आमच्या वर्गातली मुले प्रथम हसतात. मग त्यांना सांगावे लागते, की बाबांनो, हा रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात छापून निघाले. मराठ्यांचा केवढा तरी इतिहास असा रुमालात बांधलेला राहिला!

एखादी गोष्ट विसरू नये म्हणून रुमालाच्या टोकाला गाठ मारण्याची रीत तर अगदी काल-परवापर्यंत होती. 'खूणगाठ' हा शब्द आपण आता मनाशीच बांधतो, पण ती मुळात कापडाला बसलेली गाठ आहे. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा दोघांपलीकडे जात नसे. 'मामाचे पत्र' या खेळात मामाचे पत्र म्हणजे रुमालच. आणि एस. टी.च्या खिडकीतून बाकावर रुमाल टाकून जागा धरणे हा तर महाराष्ट्राचा अलिखित कायदा. माणूस अजून खाली धक्के खात असतो, पण त्याचा रुमाल वर बसलेला असतो, आणि भलाभला मनुष्य तो उचलून बाजूला ठेवायला धजत नाही.

बाहेरच्या जगातही रुमालाने कमी उलाढाली केलेल्या नाहीत. ऑथेल्लोच्या संसाराचा नाश झाला तो स्ट्रॉबेऱ्या भरलेल्या एका रुमालापायी. साहेब गळ्याला जो 'बंडाना' बांधतो, तो शब्द आपल्याकडच्या बांधणीतून तिकडे गेला. हिमाचलातल्या चंब्याचे रुमाल दोन्ही अंगांनी सारखे दिसतील असे भरलेले असतात; उलटी बाजू म्हणून नाहीच. ते नाक पुसायचे नव्हेत, देवापुढच्या किंवा आहेराच्या ताटावर झाकायचे. आणि हा जो कागदी रुमाल आता घरोघर आला आहे, तो अमेरिकेत १९२४ साली निघाला तेव्हा बायकांनी तोंडाला लावलेले कोल्ड क्रीम पुसण्यासाठी निघाला होता. लोकच त्यात नाक शिंकरू लागले, तेव्हा काही वर्षांनी कारखानदाराने आपली जाहिरात बदलली.

इतके वाचल्यावर मनुष्य डब्यातल्या सत्तावीसांवर थांबत नाही. मी रविवारी सकाळी जुन्या बाजारात जाऊ लागलो. पितळी भांडी आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या मध्ये कुठे तरी कापडांचा ढीग असतो, त्यात कधी कधी एखादा दागिना लपलेला सापडतो. हळूहळू बोटांना कळू लागले. जवसाच्या धाग्याचे लिनन हाताला गार लागते. सुती केंब्रिक ऊबदार असते. काठ यंत्राचा असेल तर टीप सपाट आणि एकसारखी दिसते. हाताने वळलेला असेल तर काठ किंचित फुगीर असतो आणि टाक्यांत कुठे तरी एखादा श्वास चुकलेला असतो. विक्रेते माझी कीव करून दहा-वीस रुपयांत देऊन टाकीत.

धुण्याची विद्या मात्र मी चुकत-माकत शिकलो. जुने कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवावे. पाणी चहासारखे तांबूस होते, ते दोनदा बदलावे. मग रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे. आणि ओला रुमाल आरशावर किंवा न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशीवर हाताने सारखा करून चिकटवावा. वाळला की कागदासारखा सुटून येतो, इस्त्रीचे कामच नाही. खळ घालून ठेवू नये. खळ म्हणजे कसरीला जेवणाचे आमंत्रण. घडीही वर्षातून एकदा बदलावी, नाही तर त्याच रेघेवर कापड विरते. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर सुट्टीच्या दिवशी सहा-सहा रुमाल चिकटलेले असत आणि घरातली माणसे आंघोळीसाठी रांगेत उभी असत.

गंजाचे डाग सर्वांत वाईट. ते नुसते दिसायला वाईट नसतात, गंज सूत खातो. डागाच्या जागी पुढे भोक पडते. त्यावर जुना उपाय लिंबू आणि मीठ. डागावर मीठ पसरावे, लिंबू पिळावे, उन्हात ठेवावे, मग स्वच्छ धुवावे. एका खेपेत जात नाही, पण चिकाटी धरली तर जातो. त्या वीतभर रुमालावरच्या दोन ठिपक्यांना चार रविवार लागले. चौथ्या रविवारी ते पार गेले तेव्हा मी सौभाग्यवतींना स्वयंपाकघरातून मुद्दाम बोलावून दाखवले. वहीत 'डागाळलेला' हा शब्द खोडून 'स्वच्छ' असे लिहिले.

सौभाग्यवतींचे मत एवढेच, की वस्तू वापरायची असते. तिचे माहेर माझ्या आईच्याच पठडीतले. त्या घरांत रुमाल एकदा जन्माला आला, की त्याला सात जन्म असत. नवा असेतो खिशात. विटला की मुलांच्या दप्तरात. मग दह्याचा चक्का टांगायला, मग पोथीला बासन, मग वेखंडाची पुरचुंडी, मग कंदिलाची काच पुसायला आणि शेवटी सायकलची साखळी पुसायला. त्यानंतर काय व्हायचे ते सायकललाच ठाऊक. २०२० सालच्या एप्रिलात, तोंड झाकल्यावाचून बाहेर पडू नये असे झाले आणि दुकाने बंद, तेव्हा तिने माझ्या संग्रहातले जुन्या बाजारचे बारा मोठे रुमाल एका दुपारी दोन रबरी कड्यांच्या हिशेबाने मुखपट्ट्या करून शेजाऱ्यांत वाटले. मला विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हणू शकलो असतो का, हा प्रश्न वेगळा. आत्याच्या डब्याला मात्र तिने हात लावला नाही.

यंदा श्रावणात माझ्या भाचीला मुलगी झाली. पणतीला पाहायला आत्या साताऱ्याहून आली आणि चार दिवस आमच्याकडे राहिली. आत्या आता ८४ वर्षांची आहे. कानांनी ऐकू कमी येते, पण त्यामुळे बोलणे काही कमी झालेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने विचारले, "तुझ्या बापाला दिलेले ते रुमाल आहेत का रे कुठं?"

मी याच प्रश्नाची तेरा वर्षे वाट पाहत होतो. कपाटातून खोके काढले. प्रत्येक रुमाल पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेला, वर क्रमांकाची चिठ्ठी, सोबत वही. आत्याने चष्मा लावून ते सगळे पाहिले आणि ती खोखो हसत सुटली.

"अरे, म्युझियम केलंस की! माझं श्राद्ध घालायच्या आधीच?"

"आत्या, हे काम आता कोणाला येतं सांग."

"न येऊ दे. मी हे खिशात घालायला केले होते. त्यानंही निम्मे जपून ठेवले, आता तू." मग सुनेकडे वळून म्हणाली, "काय ग, पोरीला दुपटं केलंस का?"

"नाही हो अजून. जुन्या मऊ कापडाचंच करायचं म्हणून थांबले होते."

"मग हे घे. याच्याइतकं मऊ कुठं मिळणार?"

मी खूप बोललो. रुमाल म्हणजे दस्तऐवज असतो, साल घातलेले भरतकाम दुर्मीळ असते, दुपटे तर कशाचेही होते, असे बरेच. वर्गात मुले ऐकतात तसे त्या दोघींनी ऐकून घेतले. म्हणजे मी बोलत असताना त्यांनी आपसांत रुमाल निवडायला सुरुवात केली. निवडता निवडता आत्याच्या हाती तो कोरा रुमाल आला. तिने चिठ्ठी वाचली.

"हा अपूर्ण नाही."

"मग?"

"तेवढाच करायचा होता." तिने तो मांडीवर ठेवला. "याच्याबरोबर एक लहान असेल बघ."

मी उत्साहाने तो वीतभर रुमाल काढून दिला. आत्याने तो उलगडला, कड चाचपली, उलटा करून पाहिला. मग खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला.

"याच्यावर दोन डाग होते."

"होते ना! गंजाचे. जाता जात नव्हते. लिंबू आणि मीठ लावून चार रविवार उन्हात ठेवला तेव्हा कुठे..." मी सांगत होतो. सौभाग्यवतींनी माझ्या दंडाला हात लावला, तेव्हा मी थांबलो.

आत्याला एक मुलगा होता, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. म्हणजे घरात जसे ठाऊक असते, तसे. त्याविषयी कोणी बोलत नसे. तो माझ्या जन्माच्या दहा वर्षे आधीच गेला होता.

ती परत येऊन बसली आणि अगदी साध्या आवाजात बोलू लागली. मुलगा पाच वर्षांचा होता, बालवाडीत जाई. बालवाडीतल्या मुलांच्या छातीला तेव्हा पिन लावून रुमाल अडकवीत. १९६८ सालच्या मे महिन्यात तो आजोळी, म्हणजे आमच्या घरी, राहायला आला आणि जाताना रुमाल इथेच विसरला. पिनही त्यालाच राहिली. पावसाळ्यात त्याला ताप आला. आठ दिवसांत सगळे संपले. त्याचे कपडे, पाटी, खेळणी, वडीलधाऱ्यांनी सारे घराबाहेर काढले. डोळ्यांसमोर नको म्हणून.

"तुझ्या बापानं हा तेवढा ठेवला. पिन लावलेलाच ठेवला होता, ती आतल्या आत गंजली. मला म्हणाला, 'ताई, हवा तेव्हा माग.' मी काही मागितला नाही. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, ओवाळणंही नव्हतं. रुमाल तेवढा पोस्टानं पाठवला. काठ वळून झाला आणि पुढं हात चालेना. पाठवला तसाच."

मला काय बोलावे सुचेना. "आत्या, मला माहीत नव्हतं ग," एवढेच म्हणालो.

"तुला कसं असणार? मी कधी सांगितलं होतं?" ती नखाने कड चाचपीत होती. मग तिचे बोट एके ठिकाणी थांबले. "भोकं आहेत," ती म्हणाली. "ही बघ. दोन्ही आहेत."

दुपटे तीन दिवसांत झाले. नऊ रुमाल, तिनाच्या तीन ओळी. कात्री लावावी लागली नाही. काठाला काठ जोडले. खाली अस्तर माझ्या आईच्या नेसून नेसून विरलेल्या नऊवारीचे. सौभाग्यवतींनी टाचले आणि आत्याने, हात थरथरत असताना, कडेचा धावदोरा घातला. तिच्या १९५७ सालच्या साखळी टाक्याइतकाच तो वाकडा आला आहे. मधोमध कोरा रुमाल बसवला. वीतभर रुमाल वर लावायला तिने नको म्हटले. "पोरगी चोखत बसेल," म्हणाली. तो कोऱ्याच्या खाली, दोन थरांच्या मध्ये, तिने स्वतः सपाट करून ठेवला आणि वरून चारी बाजूंनी शिवून टाकला. मी वहीत नऊ क्रमांकांपुढे 'वापरात' असे लिहिले. छोट्याच्या क्रमांकापुढे 'स्वच्छ' हा शब्द होता, तो खोडला. त्याच्या जागी अजून काही लिहिलेले नाही.

बारशाला दुपटे पाळण्यात अंथरले. नाव ठेवून पुरते अर्धा तासही झाला नसेल, तो बाईसाहेबांनी ते भिजवले. भाची बिचारी कावरीबावरी झाली, इतक्या वर्षांचे काम म्हणून दुपटे ओढून काढू लागली. आत्या खुर्चीतूनच ओरडली, "अगं, राहू दे. धुवायला टाका म्हणजे झालं." आणि मग माझ्याकडे बोट करून, "फक्त याच्या हाती देऊ नका. लिंबू लावील."